गोठलेल्या रक्ताचे दप्तर

खानदेशात वैशाख तापू लागला म्हणजे जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्याही वर जातो. केळीच्या बागांना वाऱ्याचा आडोसा करावा लागतो, दुपारी रस्ते ओस पडतात, आणि माठातले पाणीदेखील संध्याकाळपर्यंत कोमट होते. अशा दिवशी जळगावच्या एखाद्या रुग्णालयातून एक लहानशी पेटी निघते. पेटीत बर्फाच्या थैल्या असतात आणि त्यांच्या मधोमध बोटाएवढ्या नळ्यांत तापकऱ्यांचे रक्त असते. एरंडोल, पारोळा ही गावे मागे टाकीत सुमारे ९० किलोमीटरचा रस्ता संपवून ती पेटी धुळ्यास पोहोचते. पुष्कळदा तेथूनही पुढे पुण्याचा रस्ता धरते. २०२० सालच्या महामारीत जळगावच्या रोग्यांचे नमुने आरंभी असेच धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे जात होते. ते रक्ताचे नव्हते, घशातील स्रावाचे होते. पण वाटेत जी भीती त्या नमुन्यांना होती तीच रक्ताच्या नळीलाही असते. नळीत जे लिहिलेले आहे ते वाचणाऱ्याच्या हाती पडण्यापूर्वीच पुसले जाईल, ही ती भीती होय.

धुळ्याच्या लोकांना या भीतीची ओळख निराळ्या वाटेने पूर्वीच झालेली आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनी आपले आयुष्य जुनी दप्तरे धुंडाळण्यात घालविले. माळ्यावरचे रुमाल, देवघरातले पेटारे, अडगळीतल्या पोथ्या यांतून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने गोळा केली आणि त्यांचे बावीस खंड छापले. १९२६ च्या डिसेंबर अखेरीस ते धुळ्यास वारले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्या गावी उभे राहिले. राजवाड्यांचा खरा शत्रू कोणी टीकाकार नव्हता. वाळवी, ओल, आणि घरातील जुने कागद बंबात घालणारे यजमान हेच त्यांचे शत्रू. पत्राचा मायना गेला तर लिहिणारा कळत नाही. तिथीचा कोपरा कुरतडला गेला तर सारा मजकूर हाती असूनही त्याचा काळ लागत नाही. रक्तातील आरएनए नावाच्या द्रव्याची गोष्ट थेट याच जातीची आहे, आणि तिच्यातील वाळवी कागदाच्या वाळवीहून पुष्कळच चपळ आहे.

माणसाच्या पेशीत वारसा जपून ठेवणारे द्रव्य डीएनए. ते मूळ पोथीसारखे असते, कपाटात बंद राहते, सहसा बाहेर येत नाही. त्या पोथीतील हव्या तेवढ्या ओळींची नक्कल करून ती कारखान्यात नेऊन देणारा जो निरोप्या, तो आरएनए. निरोप पोहोचला की निरोप्याचे काम संपते, आणि त्याने तेथून नाहीसे व्हावे अशीच निसर्गाची योजना आहे. कारण जुने निरोप घोळत राहिले तर पेशीचा सारा कारभारच बिघडेल. म्हणून आरएनए हे घडणीनेच अल्पायुषी आहे. त्याच्या प्रत्येक कडीवर प्राणवायू आणि उद्जन यांची एक जोडी जास्त असते, आणि ती जोडीच शेजारचा सांधा तोडण्यास उपयोगी पडते. डीएनएच्या कडीवर ती नसते. एवढ्याशा फरकाने एक द्रव्य हजारो वर्षे हाडांत तग धरते आणि दुसरे एका दुपारीत नष्ट होऊ शकते.

यात आणखी एका वैऱ्याची भर पडते. आरएनए तोडणारी पाचकद्रव्ये, ज्यांना रायबोन्यूक्लिएज म्हणतात, ती सजीवांत जागोजाग पसरलेली आहेत. स्वादुपिंडातील असले एक द्रव्य उष्णतेलाही दाद देत नाही, हे १९२० साली वॉल्टर जोन्स यांनी दाखविले आणि १९४० साली कुनिट्झ यांनी ते स्फटिकरूपाने वेगळे केले. पाणी उकळले तरी त्याचे सामर्थ्य जात नाही. थंड झाल्यावर ते पुन्हा कामास लागते. माणसाच्या बोटांच्या कातडीवरही अशी द्रव्ये असतात. प्रयोगशाळेत आरएनए हाताळणारा माणूस हातमोजे घालतो तो स्वतःच्या रक्षणासाठी, असा पाहुण्याचा समज होतो. पुष्कळ वेळा खरे कारण उलटे असते, नमुन्याचे त्या माणसापासून रक्षण करावयाचे असते. रक्ताच्या पाण्यात तर ही पाचकद्रव्ये इतकी आहेत की त्यात उघडे आरएनए टाकले तर ते काही सेकंदांतच तुटून जाते.

मग रक्तात विषाणूचे आरएनए सापडते तरी कसे? डेंग्यू, चिकुनगुनिया, इन्फ्लुएंझा यांचे विषाणू आपला सारा वारसा आरएनएमध्येच वागवितात. परंतु ते उघडे नसते. प्रथिनांचे कवच आणि कित्येकांत त्यावर चरबीचे एक आवरण, अशा पेटीत ते बंद असते. पेटी शाबूत आहे तोवर मजकूर शाबूत. पांढऱ्या पेशींतील आरएनएलाही पेशीच्या भिंतीचा आसरा असतो. रक्त गोठवून ठेवण्याची सारी विद्या या दोन पेट्या फुटू न देण्याची, आणि फुटल्याच तर चोराचे हात बांधून ठेवण्याची विद्या आहे.

खानदेशाच्या इतिहासाकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे एक मोठी पोकळी दिसते. १८९६ साली मुंबईस आलेली प्लेगची साथ इलाख्यात पसरली आणि खानदेशातही पोहोचली. हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात बसून लस तयार केली आणि १८९७ च्या १० जानेवारीस ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोक गावे सोडून शेतात झोपड्या घालून राहिले, सरकारी दप्तरांत मृतांचे आकडे भरले गेले. पण मेलेल्यांच्या शरीरातील काही राखून ठेवण्याची कल्पनाही कोणाला सुचण्यासारखी नव्हती. पुढे १९०६ साली खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे होऊन जळगाव आणि धुळे ही त्यांची मुख्य ठाणी झाली, आणि बारा वर्षांनी, १९१८ साली, इन्फ्लुएंझाची लाट आली. त्या एका साथीत हिंदुस्थानात सव्वा कोटीहून अधिक माणसे मृत्यू पावली असा हिशेब आहे. मुंबई इलाख्यास तिचा तडाखा फार जबर बसला. कित्येक घरांत पाणी द्यायला माणूस उरले नाही. ज्या विषाणूने हे केले त्याचा इकडे मागमूसही राहिला नाही.

युरोपात चौदाव्या शतकातील प्लेगने मेलेल्यांच्या दातांतून त्या जंतूचे डीएनए काढून २०११ साली ते वाचले गेले. तेथे दफनभूमी होत्या आणि जंतूचा वारसाही टिकाऊ डीएनएचा होता. बहुसंख्य खानदेशी घरांत मृतास अग्नी देण्याची चाल. तापी-गिरणेच्या काठी चिता विझली की रक्षा पाण्यात जाते. धर्मदृष्ट्या ते योग्यच, पण रोगाच्या इतिहासकाराच्या हाती त्यामुळे काहीच लागत नाही. त्यातून रोग आरएनएच्या विषाणूचा असला तर दफन केलेल्या देहातही या उष्ण प्रदेशात त्याचा टिकाव लागणे कठीण. तेव्हा असल्या भूमीत रोग्याच्या जिवंतपणीच घेतलेले आणि थंडीत जपलेले रक्त हेच काय ते दप्तर.

१९१८ च्या विषाणूचा मजकूर शेवटी सापडला तो अलास्कात, बर्फाळ जमिनीत. ब्रेविग मिशन नावाच्या वस्तीत त्या नोव्हेंबरात सुमारे ८० माणसांपैकी ७२ दगावली होती आणि त्यांना कायम गोठलेल्या मातीत पुरले होते. १९५१ साली योहान हुल्टिन नावाचा तरुण तेथे गेला. प्रेतांच्या फुप्फुसांचे तुकडे त्याने आणले, पण त्यांतून विषाणू वाढविण्याचा त्याचा प्रयत्न फसला. त्यानंतर तो थेट १९९७ साली, सत्तरी उलटल्यावर, पुन्हा त्याच जागी गेला आणि एका स्त्रीच्या फुप्फुसाचे तुकडे घेऊन आला. मधल्या काळात तुटक आरएनए वाचण्याची विद्या जन्मली होती. टॉबेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या तुकड्यांतून, तसेच मेणात जपलेल्या सैनिकांच्या फुप्फुसांतून, लहान लहान कपटे जुळवीत २००५ पर्यंत विषाणूचा संपूर्ण मजकूर पुरा केला. अलास्काच्या मातीत विषाणू जिवंत राहिला नव्हता. त्याचे आरएनएदेखील अखंड नव्हते. फक्त कपटे होते, पण वाचता येतील इतके लांब होते. काँगोतील किन्शासा येथे १९५९ साली घेतलेल्या आणि साठवून ठेवलेल्या एका रक्ताच्या नमुन्यातून एचआयव्हीच्या मजकुराचे असेच तोकडे तुकडे १९९८ साली वाचता आले. तो रोग माणसांत किती मागे जातो, याचा अंदाज बांधण्यास तेवढे तुकडेही बहुमोल ठरले.

महाराष्ट्रात हे काम १९५२ पासून पुण्यास होऊ लागले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून त्या साली तेथे विषाणू संशोधन केंद्र उभारले. १९७८ साली त्यास राष्ट्रीय विषाणू संस्था हे नाव मिळाले. नागपूरजवळच्या चांदीपुरा येथील तापकऱ्यांच्या रक्तातून १९६५ साली एक अज्ञात विषाणू निघाला आणि त्याला गावाचेच नाव पडले. पुढे २००३ साली आंध्रात आणि महाराष्ट्रात मेंदूज्वराने मुले दगावू लागली, तेव्हा या नावाला एकाएकी भयंकर महत्त्व आले. जतन केलेला जुना नमुना नव्याशेजारी ठेवून पाहता आला नसता तर ही ओळख इतक्या लवकर पटती ना.

याहून बोधक गोष्ट दिल्लीच्या काविळीची आहे. १९५५ च्या डिसेंबरात आणि १९५६ च्या जानेवारीत यमुनेचे दूषित पाणी पिऊन दिल्लीत सुमारे २९ हजार माणसांना कावीळ झाली. त्या वेळी जो तो तिला ठाऊक असलेल्या प्रकारची कावीळ समजला. पण रोग्यांच्या रक्तातील पाणी जपून ठेवलेले होते. जवळजवळ पाव शतक गेले, नव्या चाचण्या निघाल्या, आणि १९८० साली पुण्याचे व अमेरिकेचे संशोधक यांनी त्या जुन्या नळ्यांतील रक्तजलाची परीक्षा केली. ती कावीळ ‘अ’ जातीचीही नव्हती आणि ‘ब’ जातीचीही नव्हती. ज्या विषाणूला पुढे ‘ई’ हे अक्षर मिळाले त्याचा मार्ग असा जुन्या रक्ताने मोकळा करून दिला. येथे वाचली गेली ती रक्तातील प्रतिद्रव्ये. ती प्रथिने असल्यामुळे आरएनएपेक्षा पुष्कळ चिवट असतात. एकाच नळीत कोणी चिवट साक्षीदार असतो आणि कोणी नाजूक. ज्या नळीतून प्रतिद्रव्य मिळते तिच्यातून आरएनएही मिळेलच, असे मानणाऱ्याची निराशा होते.

खानदेशाच्या उंबरठ्यावर हा प्रश्न २००६ साली येऊन ठेपला. मालेगाव आज नाशिक जिल्ह्यात असले तरी १८६९ पर्यंत ते खानदेशातच मोडत होते, आणि धुळ्याहून आग्रा रस्त्याने तासाभराचे अंतर. त्या सालच्या फेब्रुवारी-मार्चात तेथे दोन हजारांहून अधिक माणसांना एक चमत्कारिक ताप आला. ताप उतरे, पण सांधे असे धरीत की विणकराला मागावर उभे राहता येईना आणि बायांना पाण्याची कळशी उचलता येईना. चिकुनगुनिया हे नाव महाराष्ट्र जवळजवळ विसरला होता. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीस त्याची मोठी साथ येऊन गेली होती आणि त्यानंतर तीन तपांच्या आसपास हा रोग देशात जणू नव्हताच. तो परत कोठून आला? बार्शीचाच विषाणू कोठे दबा धरून बसला होता, की परका कोणी आला?

पुण्यास या प्रश्नाचे उत्तर देता आले ते जुन्या ठेव्यामुळे. १९६३ सालचे विषाणू होते, बार्शीचे १९७३ चे होते, आणि पुणे जिल्ह्यातील यवत येथे २००० साली डासांतून मिळालेला एक होता. महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र येथील नव्या रोग्यांच्या रक्तातून निघालेला विषाणू या सर्वांशी ताडून पाहिला गेला. जुने १९६३ आणि १९७३ चे विषाणू आशियाई कुळातले ठरले. नवा आफ्रिकी कुळातला. म्हणजे बार्शीचा वैरी परतला नव्हता, दुसराच आला होता. आणि यवतचा विषाणूदेखील आफ्रिकी कुळातला निघाला! साथ उसळण्यापूर्वी निदान पाच वर्षे तो पाहुणा पुण्याच्या आसपास डासांत वावरत होता, आणि त्याची गंधवार्ताही कोणाला नव्हती. यवतचा तो नमुना कोणी निरुपयोगी समजून टाकून दिला असता तर हा पाच वर्षांचा काळ इतिहासातून गळून पडला असता. हे विषाणू रोग्याच्या रक्तातून, डासातून काढून, वाढवून मग जतन केलेले होते, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. नुसते रक्त तसेच गोठवून ठेवण्याहून ही वाट सुरक्षित असते. पण ती खर्चाची आहे आणि प्रत्येक विषाणू वाढविला म्हणून वाढतोच असे नाही.

नुसते रक्त गोठविले म्हणजे काय होते? रक्तातील पाण्याचे स्फटिक होतात आणि त्यांच्या टोकांनी पेशींच्या भिंती फाटतात. गोठलेले असेपर्यंत फारसे बिघडत नाही, कारण चोरही गारठून पडलेला असतो. खरा घात वितळताना होतो. भिंती फाटलेल्या, दारे उघडी, आणि पाचकद्रव्ये ऊब मिळताच जागी होणारी! म्हणून जाणता माणूस गोठलेले रक्त आधी वितळवून मग काम सुरू करीत नाही. ते ग्वानिडिनियमसारख्या तीव्र क्षारात वितळू देतो, म्हणजे पाचकद्रव्यांची घडीच मोडते आणि ती निकामी होतात. एकदा वितळलेली नळी पुन्हा गोठविली आणि पुन्हा काढली, तर दर खेपेस मजकूर आखूड होत जातो.

थंडी किती, हाही प्रश्न आहे. घरच्या शीतकपाटाच्या वरच्या कप्प्यात उणे १८-२० अंश असतात, आणि गृहिणीला वाटते की तेथे सर्व काही थिजलेले आहे. पण रक्तात मीठ असल्यामुळे त्या थंडीत खाऱ्या पाण्याचे बारीक खिसे द्रवच राहतात आणि त्यांत मंद गतीने मोडतोड चालू असते. शिवाय आपोआप बर्फ वितळविणाऱ्या नव्या कपाटांत ऊब अधूनमधून मुद्दाम आणली जाते. भाजीला ते सोयीचे, रक्ताला घातक. उणे ८० अंशांत ही मोडतोड फार मंदावते. द्रव नत्राच्या उणे १९६ अंशांत ती जवळजवळ थांबतेच. द्रव नत्र म्हणजे काही परदेशी अपूर्वाई नव्हे. कृत्रिम रेतनासाठी गावोगाव जाणाऱ्या पशुवैद्याच्या पिंपातून निघणारा पांढरा धूर खानदेशातील शेतकऱ्याच्या पोरानेही पाहिलेला असतो. आणि थंडी म्हणजे सरसकट रक्षण, हा समज तर जळगावच्या केळीवाल्याने केव्हाच सोडला आहे. केळीचा घड १३ अंशांच्या खाली फार वेळ राहिला तर साल काळवंडते आणि फळ नीट पिकत नाही. कोणत्या वस्तूला कोणती थंडी, हे त्या त्या वस्तूच्या स्वभावावर आहे.

सर्वांत मोठी फसगत मात्र गोठविण्यापूर्वीच होत असते. शिरेतून काढलेले रक्त नळीत पडले म्हणजे मेले असे नाही. पांढऱ्या पेशी कित्येक तास जिवंत असतात, परक्या जागेची आणि थंडीची त्यांना जाणीव होते, आणि त्या नवे निरोप लिहू लागतात. जळगावहून धुळ्यास पेटी पोहोचेतो नळीतील दप्तरात रोग्याच्या हकिकतीबरोबर प्रवासाचीही हकिकत मिसळलेली असते. आणि वाचणाऱ्यास दोन्ही अक्षरे एकाच हाताची दिसतात. या शतकाच्या आरंभी अशा नळ्या निघाल्या की ज्यांत रक्त पडताच पेशी फुटतात, पाचकद्रव्ये निकामी होतात आणि लिहिणाऱ्याचा हात जागच्या जागी थांबतो. पॅक्सजीन हे त्यांतील एक नाव. त्यांत घेतलेले रक्त नीट थंडीत राहिले तर कित्येक वर्षांनीही चांगले आरएनए देते. नुसत्या रक्ताकडून तशी आशा धरता येत नाही. नळ्या महाग आहेत. तालुक्याच्या दवाखान्यात साधी, गोठू न देणारी नळीच हाती असते. तीतही ईडीटीए घातलेली नळी बरी, कारण हेपॅरिन असलेल्या नळीतील रक्त पुढच्या चाचणीलाच अडथळा करते.

टिकलेले आरएनए किती चांगले, हे मोजण्याचे मापही आता आहे. पेशीतील दोन मोठे आरएनए शाबूत असले तर यंत्रावर दोन स्वच्छ शिखरे दिसतात. तुटले असले तर शिखरे ढासळून पायथ्याशी गाळ साचतो. त्यावरून १० पासून १ पर्यंत गुण देतात. १० म्हणजे जणू काल लिहिलेले पत्र, १ म्हणजे चुरा. या गुणांचा मोह मात्र आवरता घ्यावा लागतो. विषाणू शोधताना मजकुराचा एक छोटा परिच्छेद सापडला तरी पुरते, आणि पाच गुणांचे रक्तही उत्तम साक्ष देऊन जाते; पेशीतील सर्व निरोपांची मोजदाद करावयाची असेल तर आठ गुणांचे रक्तदेखील अपुरे वाटू लागते. राजवाड्यांनाही एका तिथीसाठी फाटका चिटोरा पुरे, पण घराण्याचा हिशेब मांडण्यास पुरी वही लागे.

ज्या माणसाचे हे रक्त, त्याचा विचार आता कोठे होऊ लागला आहे. दिल्लीच्या त्या काविळीतील रोग्यांना आपल्या रक्तातील पाण्याने पंचवीस वर्षांनी साक्ष दिली हे कळलेही नसेल. २०१७ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आपल्या नीतिनियमांत साठविलेल्या रक्ताचे व उतीचे स्वतंत्र प्रकरण घातले. पुढे काय शोधले जाऊ शकते हे रोग्यास आधी सांगून त्याची संमती घ्यावी, हा त्यातील एक मुख्य धागा. तापाने फणफणलेल्या माणसाला, अहिराणी बोलणाऱ्या त्याच्या म्हातारीला, वीस वर्षांनंतरच्या शास्त्राची कल्पना देणे सोपे नाही. तरी ते टाळावयाचे कारणही नाही. खळ्यावर बीज राखून ठेवणाऱ्या घराला जपणुकीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

पुण्यापर्यंत पोहोचलेले रक्त हल्ली एकाच नळीत ठेवीत नाहीत. पाच-सहा बारीक नळ्यांत त्याचे वाटे करतात, प्रत्येकीवर गावाचे नाव नव्हे तर एक आकडा घालतात, आणि दर खेपेस एकच नळी बाहेर काढतात. वीज गेली तर कपाटाचे दार उघडू नये, अशी चिठ्ठी दारावर असते. काढलेली नळी वापरून संपली नाही तरी ती परत कपाटात जात नाही.